शुक्रवारची उपासना, रविवारचा हिशोब

शुक्रवारी पहाटे पाचला आमच्या घरी गजर होतो. बायकोने रात्रीच चपात्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरलेली असते. मुलगा अर्धवट झोपेत मागच्या सीटवर आडवा होतो आणि आम्ही निझव्याहून मस्कतला निघतो. जाताना साधारण १६० किलोमीटर, येताना तेवढेच. आम्ही गावाबाहेर पडत असतो तेव्हा समोरून पिकअप गाड्या गावात शिरत असतात, मागे शेळ्या-बोकड बांधलेले. शुक्रवारी सकाळी निझव्याच्या किल्ल्याजवळ जनावरांचा बाजार भरतो, त्याची ती गडबड.

आमची गडबड वेगळी. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळ नगर जिल्ह्यातले. निझव्यात चर्च नाही, म्हणून उपासनेला रुवीला जायचं. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे उपासनाही शुक्रवारी. लहानपणापासून रविवार म्हणजे संडे स्कूल, इस्त्रीचे कपडे आणि दुपारी मटण, असं डोक्यात बसलेलं. सुरुवातीला शुक्रवारी गीतं म्हणताना काहीतरी चुकतंय असं वाटायचं. आता इथे येऊन चौदा वर्षं झाली, सवय झाली. रविवारी सकाळी सातला मी ऑफिसात असतो.

या जाऊन-येऊन ३२० किलोमीटरचा मला फार अभिमान होता. आईला फोनवर मुद्दाम सांगायचो. ऑफिसातले मराठी मित्र म्हणायचे, "मानलं बुवा तुम्हाला! आम्हाला इथून मस्कतच्या शिवमंदिरात वर्षातून एकदा महाशिवरात्रीला जायचं म्हटलं तरी होत नाही." ऐकून बरं वाटायचं. आज लिहायचं आहे ते या बरं वाटण्याबद्दलच. इतकी वर्षं देवाच्या नावाने गाडी हाकली, पण त्या श्रद्धेने बाकीच्या सहा दिवसांत माझ्यात काय बदललं? हा प्रश्न मला निझव्यातच पडला. आणि तो पाडणारा कुणी पाळक नव्हता, एक सुतार होता.

आधी इथली परिस्थिती सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचं नीट लक्षात येणार नाही. ओमान मुस्लिम देश आहे, आणि निझवा तर जुन्या इमामांची राजधानी. पण इथल्या राज्यकर्त्यांनी परदेशी लोकांच्या उपासनेसाठी जागा दिल्या आहेत. रुवी, घाला, सोहार, सलालाह इथे चर्च आहेत, मस्कतमध्ये हिंदू मंदिरंही आहेत. नेमून दिलेल्या आवारात मोकळेपणाने प्रार्थना करा, फक्त बाहेर धर्मप्रचार करायचा नाही, असा साधा नियम आहे. मला त्याबद्दल काही तक्रार नाही. उलट मला वाटतं, प्रत्येक ख्रिस्ती माणसाने काही वर्षं अशा ठिकाणी राहावं. कारण इथे तुम्हाला तोंडाने काही सांगता येत नाही. मग तुमची श्रद्धा काय आहे हे लोकांना कशातून कळणार? तुमच्या वागण्यातून. तेवढी एकच खिडकी उघडी असते, आणि त्या खिडकीतून लोक आत बघत असतात. आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त बघत असतात.

गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एका बांधकाम कंपनीत हजेरी आणि ओव्हरटाईमच्या नोंदी बघत होतो. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. साईटवरून फोरमनच्या हातचे कागद यायचे, मी ते संगणकात भरायचो, सही करायचो आणि पगाराला पाठवायचो. मला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: ओव्हरटाईम दीड तास असेल तर एक लिहायचा, अडीच असेल तर दोन. "राउंड फिगर ठेवा, हिशोब सोपा जातो." हिशोब नेहमी खालीच राउंड व्हायचा, वर कधी नाही. उन्हाळ्यात तर हे आणखी सोपं. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला इथे कायद्याने बंदी आहे. मग काम पहाटे सुरू होतं, मध्ये थांबतं, संध्याकाळी पुन्हा लागतं. दिवसाचे असे दोन तुकडे पडले की त्यात अर्धा तास कुठे गेला हे मजुराच्याही लक्षात राहत नाही.

तीन वर्षं मी हे अर्धे तास कापले. वाईट वाटून नाही, चांगलं वाटूनही नाही. काहीच न वाटता. वर्षाअखेरी 'खर्च आटोक्यात ठेवल्याबद्दल' आमच्या विभागाला बोनस मिळायचा. माझ्या वाट्याला १५० रियाल आले. त्यातले १५ रियाल मी दशांश म्हणून चर्चच्या पाकिटात घातले. घालताना मनात आभाराची प्रार्थनासुद्धा केली.

एका गुरुवारी संध्याकाळी बिहारचा एक शटरिंगचा सुतार माझ्या टेबलापाशी आला. सुट्टीचा अर्ज भरून हवा होता. भरून दिला. जाताना म्हणाला, "साहब, टाईमशीट आपके हाथ से जाता है तो हम लोगों को टेंशन नहीं है. आप चर्चवाले आदमी हो, आप किसी का घंटा नहीं काटोगे."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट उत्तर दिलं असतं. तो खरंच तसं मानत होता. दर शुक्रवारी पहाटे मी कॅम्पसमोरून गाडी घेऊन जाताना त्यांना दिसायचो. माझ्या त्या ३२० किलोमीटरांमुळेच त्यांना वाटत होतं की हा माणूस आपलं काही खाणार नाही. म्हणजे माझी भक्ती कंपनीला फुकटात उपयोगी पडत होती. तिच्यामुळे कुणी कागद तपासत नव्हतं.

घरी येऊन पहिल्यांदा आकडेमोड केली. दिवसाला अर्धा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे एका माणसाचे महिन्याला १३ तास. माझ्याकडे चाळीस माणसं होती. ५२० तास. इथल्या कायद्याने दिवसाच्या ओव्हरटाईमला किमान पंचवीस टक्के जादा द्यावे लागतात, रात्रीच्या कामाला पन्नास टक्के. १२० रियाल पगाराच्या माणसाचे तेरा तास म्हणजे आठ-नऊ रियाल. आपल्याकडचे दोन हजार रुपयांच्या आसपास. ऑफिसातल्या माणसाला ते काहीच नाही. गावाकडे पैसे पाठवणाऱ्याला ती पोराची शाळेची फी आहे, म्हातारीची औषधं आहेत.

बायकोला सांगितलं. ती इथे नर्स आहे, कमी बोलते. मी म्हटलं, "पाळकसाहेबांशी एकदा बोलून बघतो, यात आपलं कितपत चुकतंय ते." ती म्हणाली, "अहो, पाळकसाहेबांना काय विचारता? त्या सुताराच्या बायकोला विचारा."

आता इथे निझव्याची एक गंमत सांगायला हवी. आमचे घरमालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले ओमानी गृहस्थ. आम्ही त्यांना इथल्या रीतीने 'वालिद' म्हणतो. त्यांची खजुराची बाग आहे आणि तिला पाणी फलजचं. फलज म्हणजे डोंगरातलं भूजल उताराने गावापर्यंत आणणारा पाट. निझव्याचा फलज दारिस हा देशातल्या मोठ्या फलजांपैकी एक, २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या पाण्याची वाटणी मापाने होत नाही, वेळेने होते. त्याचं एकक आहे 'अथर', म्हणजे साधारण अर्धा तास. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून तो मोजत, आता हातातल्या घड्याळावरून. हा अर्धा तास लोकांच्या मालकीचा असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो, बापाकडून मुलाकडे वारशाने जातो.

त्याच आठवड्यात वालिद बागेत पाणी सोडत होते. शेजाऱ्याचा वाटा सुरू व्हायची वेळ झाली तसा त्यांनी घड्याळ बघून पाट वळवला. त्यांच्या शेवटच्या दोन झाडांच्या आळ्यांत पाणी पोचलं नव्हतं. मी सहज म्हटलं, "दोन मिनिटांनी काय होतंय? शेजारी तर इथे नाहीही." मोडक्या हिंदीत म्हणाले, "वो इधर नहीं है, इसलिए तो घड़ी देखना है."

मी तिथे उभा राहून घामाघूम झालो. या गावात शेकडो वर्षं अर्धा तास ही मालमत्ता आहे. आणि मी त्याच गावात बसून रोज चाळीस माणसांचे अर्धे तास पेनाने वळवत होतो, ती माणसं समोर नसताना.

माझ्या ख्रिस्ती वाचकांना जक्कय आठवला असेल. इतरांसाठी सांगतो. यरीहो नावाच्या गावात जक्कय हा मुख्य जकातदार होता, गबर आणि नावडता. बायबलमध्ये यरीहोला खजुरीचं नगर म्हटलंय, त्यामुळे मला ते डोळ्यांसमोर निझव्यासारखंच दिसतं. येशू गावातून जाताना दिसावा म्हणून हा बुटका माणूस उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने त्याला खाली बोलावलं आणि त्याच्याच घरी उतरला. लोक कुरकुरले. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो.

आम्ही प्रोटेस्टंट मंडळी एक गोष्ट फार ठासून शिकवतो: माणसाचं तारण कृपेने होतं, त्याच्या कर्माने नाही. मी हे मानतो. पण या वाक्याच्या आडोशाला आम्ही किती गोष्टी लपवल्यात! जक्कयाची गोष्ट नीट वाचा. येशूने त्याला अट घातली नाही की आधी पैसे परत कर, मगच तुझ्याकडे येतो. आधी तो घरात गेला. ती कृपा. हिशोबाची वही त्यानंतर निघाली. पण निघाली. येशू घरात येऊन बसलाय आणि वही तशीच बंद कपाटात आहे, असा तारण झालेला माणूस मला बायबलमध्ये सापडत नाही. उलट याकोबाच्या पत्रात तर मजुरांची अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते देवाच्या कानापर्यंत पोचतं, असं सांगितलंय. रुवीच्या चर्चमध्ये आम्ही गात असताना देवाच्या कानावर आणखी काय पडत असेल, याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता.

मी फार मोठं काही केलं नाही, हे आधीच कबूल करतो. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, हे आधीपासून चालत आलंय, तुम्ही फक्त भरायचं काम करा. मी म्हटलं, भरतो, पण जे साईटवरून येईल तेच भरतो. मनात भीती होती. त्या काळी मालकाच्या 'एनओसी'शिवाय इथे नोकरी बदलता येत नव्हती. ती अट २०२१ पासून गेली. मुलगा शाळेत, गावाकडच्या घराचे हप्ते चालू. दोन महिन्यांत मला हजेरीवरून काढून स्टोअरला टाकलं आणि पुढची दोन वर्षं पगारवाढ झाली नाही. माझ्या जागी आलेल्या माणसाने अर्धे तास कापणं चालूच ठेवलं. पुढे कामगारांनीच कामगार खात्याकडे तक्रार केली, तेव्हा मी दिलेल्या मूळ नोंदींच्या प्रती त्यांना उपयोगी पडल्या. काहींना काही पैसे मिळाले. सगळ्यांना नाही. काही तोपर्यंत देश सोडून गेले होते.

बोनसचे १५० रियाल मी वाटून टाकले, चर्चला दिलेले १५ खिशातून भरून. चौपट जमलं नाही. तो सुतार गावी गेला होता. त्याला फोन करून खरं सांगितलं आणि त्याच्या वाट्याचे पाठवतो म्हटलं. तो हसला. "अरे साहब, वो तो सब करते हैं." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पर आप भी?" हे "आप भी" मला अजून ऐकू येतं.

हे झालं पैशांचं. दुसरी गोष्ट आमच्या घरातली आहे आणि ती लिहायला मला जास्त जड जातंय.

वालिद एकदा त्यांच्या लहानपणाचं सांगत होते. १९७० च्या आधी या देशात दवाखाने जवळजवळ नव्हतेच. मस्कतशेजारी मत्रहला अमेरिकन मिशनचा दवाखाना होता. डॉक्टर वेल्स थॉम्स १९३९ मध्ये तिथे आले आणि १९७० पर्यंत राहिले. त्यांचे वडील डॉक्टर शॅरन थॉम्स हेही मिशनरी डॉक्टर, ते १९१३ मध्ये मत्रहलाच टेलिफोनच्या खांबावरून पडून वारले होते. जिथे बाप गेला तिथेच मुलगा तीस वर्षं औषधपाणी करत राहिला, आणि लोक दवाखान्याला त्याच्याच नावाने ओळखू लागले. वालिदच्या आईला तिथे नेलं होतं. मी उत्सुकतेने विचारलं, "ते धर्माबद्दल काय सांगायचे?" वालिद म्हणाले, ते काही आठवत नाही. पण तो काळ भांडणाचा होता, डोंगराकडचे लोक इमामाचे आणि किनाऱ्याकडचे सुलतानाचे. "उधर किसी ने पूछा नहीं, तुम किसका आदमी है."

त्याच आठवड्यात नगरहून दादांचा, म्हणजे थोरल्या भावाचा फोन आला होता. पुतणीला स्थळ सांगून आलं होतं. मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, चर्चमध्ये तरुणांचं काम करणारा. दादा म्हणाले, "सगळं चांगलं आहे रे, पण ते मूळचे आपल्यातले नाहीत." आणि मी, चर्चवाला माणूस, म्हणालो, "मग जरा चौकशी करा. घाई नको."

मराठी ख्रिस्ती वाचकांना 'मूळचे' या शब्दाचा अर्थ सांगायला नको. इतरांना सांगतो. बाप्तिस्म्याआधी आमचे पूर्वज ज्या जातीचे होते, ती जात. चार-पाच पिढ्या झाल्या, नावं बदलली, गावं बदलली, पण लग्न ठरवताना हा शब्द हळूच येतोच. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात वेशीबाहेर राहणारे. आमच्या घरात सांगतात, मिशनच्या बंगल्यात त्यांना पहिल्यांदा कुणीतरी खुर्चीवर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत, जमिनीवरच बसले. दुसऱ्या वेळी बसले. तेवढ्या एका खुर्चीसाठी त्यांनी गावाचा बहिष्कार सोसला. आणि त्यांचा पणतू निझव्यात एसी लावून फोनवर विचारतो, मूळचे कोण?

याच नगरच्या मातीत लक्ष्मीबाई टिळक होऊन गेल्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं चालू होतं. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवेल, जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या. ती माणसाने केली, असा मनाचा निकाल लागल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे त्यांची जात आधी गेली आणि धर्म मागून बदलला. आमचं उलटं झालं. धर्म बदलून शंभर वर्षं झाली, जात अजून जायची आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. धर्म बदलला तरी गाव जात विसरत नाही, असं आमचे पुढारी सांगतात. ते खरं आहे आणि मागणी न्यायाची आहे. पण गाव विसरत नाही त्यात आमचाही वाटा आहे, हे कबूल करायला नको का? सरकारी कचेरीत आपण म्हणायचं की जात आमचा पिच्छा सोडत नाही, आणि घरी येऊन तिलाच पाटावर बसवायचं!

मी दादांना पुन्हा फोन केला. आधी म्हटलेलं मागे घेतलं. ते चिडले, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?" खरंच होतं ते. म्हणून सुट्टी काढून गेलो आणि मुलाच्या घरी त्यांच्यासोबत जेवायला बसलो. लग्न झालं. आमच्याकडची पाच-सहा घरं आली नाहीत. आईने त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेले लाडवाचे डबे शेवटी शेजारी वाटले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टींत धर्म कशाला आणता? पण मला वाटतं, धर्म एवढ्याशा गोष्टींतच असतो. मोठी माणसं मोठं करून गेली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे मुलींना नुसती प्रार्थना शिकवली नाही, तर विणकाम, छपाई अशी हाताची कामं शिकवली. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये निघालं, तेही मुक्तीच्या छापखान्यात. आमच्या काळात वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची शेती आणि विहिरींचं पाणी धोक्यात आलं, तेव्हा ते वेदीपुरते थांबले नाहीत; हरित वसईच्या चळवळीत सगळ्या धर्मांच्या लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही निझव्यात पेढे वाटले. पेढे वाटणं सोपं होतं. या माणसांचे फोटो आम्ही चर्चच्या हॉलमध्ये लावतो, आणि फोटो लावला की आपलं काम झालं असं समजतो.

माझ्या मुलाने मला एकदा पेचात पकडलं. म्हणाला, "पप्पा, वालिद चर्चला जात नाहीत, तरी ते दुसऱ्याचं पाणी घेत नाहीत. तुम्ही जात होतात, तरी कापत होतात. मग आपण एवढ्या लांब कशाला जातो?" चौदा वर्षांच्या पोराला थातूरमातूर उत्तर चालत नाही. मी त्याला शोमरोनी माणसाची गोष्ट आठवून दिली. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला याजकाने पाहिलं आणि तो बाजूने गेला, लेवीही गेला. थांबला, जखमा बांधल्या, खिशातले पैसे देऊन धर्मशाळेत ठेवलं ते परक्या, नावडत्या जमातीच्या माणसाने. येशूने ही गोष्ट आपल्या धार्मिक लोकांना सांगितली आणि म्हणाला, तुम्हीही तसंच करा. म्हणजे दुसऱ्या धर्मातल्या भल्या माणसाकडून शिका, हे आम्हाला आमच्याच गुरूने सांगितलेलं आहे. आम्ही इतरांपेक्षा चांगले आहोत असा माझा दावा नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्याला सुळावर जाणारा देव ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या अर्ध्या तासावर जगायला काही सबब उरत नाही. आम्ही लांब जातो ते चांगले आहोत म्हणून नाही, सुधारायची गरज आहे म्हणून. मुलाला हे कितपत पटलं माहीत नाही. "मग ठीक आहे," म्हणाला आणि झोपला.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. गुरुवारी रात्री, डबा भरून झाला की मी आणि बायको दहा मिनिटं बसतो. तीन गोष्टी एकमेकांना विचारतो. या आठवड्यात कुणाचे पैसे आपल्याकडे राहिलेत का? कुणाकडून काम करून घेतलं आणि त्याचा मोबदला दिला नाही, असं झालंय का? आणि कुणाला आपण मनातल्या मनात खाली बसवलं का? उत्तरं नेहमी छान नसतात. एकदा निघालं, की इमारत झाडणाऱ्या बांगलादेशी पोराला ईदच्या आधी द्यायचं कबूल केलेलं राहून गेलंय. रात्री साडेदहाला त्याला शोधत गेलो.

माझ्या मराठी ख्रिस्ती बांधवांना, आखातात असोत की नगर-पुणे-वसईत, माझं हात जोडून सांगणं आहे: उपासनेला जाण्याआधी अशी दहा मिनिटं काढा. ज्याच्या घरात मोलकरीण आहे त्याने तिच्या सुट्टीचा पगार आठवावा. ज्याच्या सहीने कुणाचा पगार ठरतो त्याने ती सही पुन्हा एकदा बघावी. ज्याच्या घरात लग्नाचं बोलणं चाललंय त्याने 'मूळचे' हा शब्द गिळून टाकावा. आणि बाकी वाचकांना विनंती एवढीच, की आम्ही चर्चला जातो म्हणून आमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आमचे कागद तपासा. त्यात आमचंही भलं आहे.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. रविवारी सकाळी सातला हजेरीचे कागद टेबलावर येतात. दीड तास असेल तिथे दीडच लिहितो. त्यात काही मोठेपणा नाही, ते त्यांचंच आहे. पण ते लिहिताना कधी कधी वाटतं, शुक्रवारी रुवीला अर्धवट राहिलेली प्रार्थना इथे पुरी होतेय.